शिकता शिकता कमाई: नगरच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यावेतनाचं खरं गणित

नगर जिल्ह्यात 'को-ऑप' हा शब्द उच्चारला की लोकांना साखर कारखाना, दूध संघ नाहीतर पतसंस्था आठवते. साहजिकच आहे. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जाणारा कारखाना याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने उभा राहिला. पण अमेरिका-कॅनडात को-ऑपचा अर्थ वेगळा आहे. तिथे काही महिने कॉलेज, काही महिने कंपनीत पगारी काम आणि दोन्ही मिळून एक पदवी, अशा शिक्षणाला को-ऑप म्हणतात. १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने २७ विद्यार्थ्यांना घेऊन ही पद्धत सुरू केली.

आपल्याकडे हे नाव रुळलं नाही, पण गोष्ट मात्र आली आहे. ॲप्रेंटिसशिपची जोड असलेल्या पदव्या आता महाविद्यालयं देऊ लागली आहेत. 'शिकता शिकता कमवा' अशी जाहिरात असते, महिन्याला अमुक हजार असा आकडा असतो आणि पाथर्डी, कर्जत किंवा अकोल्याच्या गावातलं एखादं घर त्या आकड्याच्या भरवशावर मुलाला किंवा मुलीला शहरात पाठवतं. विद्यावेतन खरंच मिळतं. अडचण वेगळीच असते. खर्च पहिल्या दिवशी सुरू होतो आणि पैसे येतात नंतर, तेही तुकड्यातुकड्यांत.

आधी हे ओळखा की योजना नेमकी कोणती

काम आणि शिक्षण यांची सांगड घालणाऱ्या चार-पाच योजना सध्या एकाच वेळी चालू आहेत. सोशल मीडियावरच्या पोस्टमध्ये त्यांची सर्रास खिचडी होते. पैशाच्या दृष्टीने मात्र त्या अगदी वेगळ्या आहेत.

सर्वांत जुनी 'कमवा आणि शिका'. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं तेव्हा श्रम करून शिकण्याची पद्धत त्यांनी पदवीच्या पातळीवर नेली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ त्यांच्याच नावाने ही योजना चालवतं आणि नगर जिल्हा याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. काम कॉलेजातच असतं: ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय, बाग. मोबदला तासावर. यातून मेसच्या बिलाला हातभार लागतो, सगळं शिक्षण निघत नाही. पण राहण्याची जागा बदलावी लागत नाही, प्रवास वाढत नाही. त्यामुळे हातात येणारे पैसे बऱ्यापैकी हातातच राहतात.

दुसरी गोष्ट ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. नव्या शैक्षणिक धोरणामुळे ती अभ्यासक्रमात आली. चार क्रेडिटची ओजेटी म्हणजे साधारण १२० तास. इथे विद्यावेतन देण्याचं बंधन नाही आणि बहुतेक ठिकाणी ते मिळतही नाही. म्हणजे ओजेटी हा निव्वळ खर्च आहे. ती आपल्या तालुक्यातच, घरून जाऊन-येऊन करता येईल अशी जागा शोधणं हाच त्यावरचा उपाय. बँकेची शाखा, दूध संघ, कारखान्याचं कार्यालय, चार्टर्ड अकाउंटंटची फर्म असे पर्याय तालुक्याच्या गावी असतात. केवळ प्रमाणपत्रावर मोठं नाव दिसावं म्हणून पुण्यात महिनाभर स्वखर्चाने राहायचं का, याचा घरात मोकळेपणाने विचार व्हायला हवा.

तिसरी म्हणजे कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातला ग्रामीण कार्यानुभव. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या महाविद्यालयांतले 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' गावात आल्याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात, ती हीच मंडळी. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या 'स्टुडंट रेडी' कार्यक्रमात यासाठी सहा महिने दरमहा ३००० रुपयांची तरतूद आहे.

आणि चौथी, खरी को-ऑपच्या जवळची: ॲप्रेंटिसशिपची जोड असलेली पदवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रं, चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रं विद्यार्थी प्रत्यक्ष कंपनीत असतो. त्या कामाचे क्रेडिट पदवीत धरले जातात. पुढचं सगळं गणित मुख्यतः याबद्दल आहे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे ६, ८ आणि १० हजार रुपये यात मिसळू नयेत. ती योजना शिक्षण संपलेल्यांसाठी आहे. पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नाही. 'कॉलेज चालू असताना दोन्ही घ्या' असं सांगणारे व्हिडिओ पाहून अर्ज केला तर वेळ वाया जातो, दुसरं काही होत नाही.

किती मिळतं आणि कोण देतं?

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली किमान विद्यावेतन ठरलेलं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पदवीधर आणि पदवीचं शिक्षण घेत असलेल्या ॲप्रेंटिससाठी ते महिना ९००० रुपये आहे, डिप्लोमाधारकांसाठी ८०००. हे किमान आहे, कंपनी जास्त देऊ शकते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवार परिषदेने यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. शिफारस म्हणजे लागू झालेला दर नव्हे. करार करताना त्यात लिहिलेला आकडा तेवढा खरा धरायचा.

आता कळीचा मुद्दा. राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेत, म्हणजे लोक ज्याला 'नॅट्स' म्हणतात त्यात, किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. ९००० मधले ४५०० सरकारचे, उरलेले कंपनीचे. सरकारी वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतो. म्हणजे एका महिन्याचे पैसे दोन वाटांनी येतात. कंपनीचा वाटा पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत यायला हवा असा नियम आहे. सरकारी वाटा मात्र कंपनीने पोर्टलवर हजेरी आणि माहिती भरल्यावर हलतो.

हे माहीत नसलं की 'कंपनीने निम्मे पैसे कापले' अशी ओरड होते. कापलेले नसतात, वाटेत असतात.

कागदावर शिल्लक, खिशात तूट

एक उदाहरण मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

पाथर्डी तालुक्यातली एक विद्यार्थिनी आहे. तिला १ ऑगस्टपासून सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत ॲप्रेंटिसशिप मिळाली. ती नगरला कॉट बेसिसवर राहते आणि सुप्याला ये-जा करते. कॉटचे २०००, मेसचे ३०००, प्रवासाचे १५००, मोबाइल, साबण, औषध, झेरॉक्स असे १०००. एकूण ७५००. विद्यावेतन ९०००. दर महिन्याला १५०० शिल्लक. घरचे खूश.

आता तेच कॅलेंडरवर मांडू. ऑगस्टमध्ये ७५०० खर्च, शिवाय जागेचं डिपॉझिट २००० आणि सेफ्टी शूज, ड्रेस, पोलीस पडताळणी, फोटो वगैरे धरून १५००. म्हणजे ११,००० गेले आणि आलं शून्य. सप्टेंबरमध्ये कंपनीचे ऑगस्टचे ४५०० आले, खर्च ७५००. तूट १४,०००. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तसंच. तूट १७,०००. समजा नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या वाट्यासोबत सरकारी वाट्याचे पहिले दोन हप्ते एकदम आले, तर तूट खाली येऊन ११,००० होते.

म्हणजे ज्या नोकरीत कागदावर दरमहा १५०० रुपये उरतात, तिच्यासाठी ऑक्टोबरअखेर घरातून १७ हजार रुपये घातलेले असतात. पैसे बुडालेले नाहीत, अडकलेले आहेत. पण ज्याच्याकडे अडकवायला १७ हजार नाहीत त्याला या दोन गोष्टींत काही फरक वाटत नाही. तिसऱ्या महिन्यात 'परवडत नाही' म्हणून गावी परतणाऱ्यांपैकी अनेकांचं असंच झालेलं असतं.

त्यात हंगामही आडवा येतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा शेतकरी घरात सर्वांत कोरडा काळ. खरिपाचा पैसा जमिनीत गेलेला, सोयाबीन-बाजरी अजून निघायची, गाळप सुरू व्हायचं असल्याने उसाचं बिल तर लांबच. नियमित येतं ते दुधाचं बिल, साधारण दर दहा दिवसांनी. त्यामुळे घरात ठरवायचं झालं तर 'पहिले तीन महिने दुधाच्या बिलातून मेस, डिसेंबरपासून तिचं ती' असं बोलून ठेवलेलं बरं. अडीअडचणीला खासगी सावकार किंवा मोबाइलवरचं झटपट कर्ज घेतलं, तर महिन्याचे १५०० व्याजातच जातात.

यावर साधा ठोकताळा असा: रुजू होण्याआधी तीन महिन्यांचा खर्च, डिपॉझिट आणि सुरुवातीचा इतर एकरकमी खर्च यांची बेरीज करा आणि त्यातून कंपनीचे दोन हप्ते वजा करा. उरेल ती रक्कम हाताशी हवी. वरच्या उदाहरणात ती बरोबर १७ हजार येते.

सुपे की चाकण?

जास्त विद्यावेतन म्हणजे जास्त फायदा, हा सर्वांत मोठा गैरसमज. समजा चाकणची कंपनी १२,००० देते. राहायला ३५००, मेस ४०००, रोजचा प्रवास १२००, महिन्यातून गावी एक-दोन फेऱ्या १२००, वरखर्च १५००. एकूण ११,४००. उरले ६००. सुप्याच्या ९००० मध्ये १५०० उरत होते. शिवाय चाकणला डिपॉझिट दोन महिन्यांचं मागितलं तर सुरुवातीलाच ७००० बाजूला. आणि सरकारी वाटा किमान विद्यावेतनावर मोजला जातो, त्यामुळे १२,००० मिळाले तरी सरकारकडून येणार ४५००च, बाकी कंपनीचे. याची एक चांगली बाजूही आहे: कंपनीचा वाटा ७५०० असल्याने १० तारखेला हातात जास्त येतात.

मग चाकणला जाऊच नये का? तसंही नाही. तिथे शिकायला मिळणारं काम वेगळ्या दर्जाचं असेल, पुढे नोकरीची शक्यता असेल, तर ९०० रुपयांचा फरक सोसण्यासारखा आहे. फक्त तो फरक सोसतो आहोत हे माहीत असावं. कंपनीची बस आहे का आणि कॅन्टीन आहे का, हे दोन प्रश्न विद्यावेतनाच्या आकड्याआधी विचारायला हवेत. एक वेळचं जेवण आणि बस मिळत असेल तर ९००० देणारी कंपनी १२,००० वाल्या कंपनीला सहज मागे टाकते.

एसटीच्या पासचा गोंधळही इथेच होतो. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास घर ते कॉलेज या मार्गाचा असतो. कंपनीच्या मार्गासाठी तो चालत नाही, त्यामुळे ॲप्रेंटिसशिपच्या सत्रात प्रवासखर्च एकदम वाढतो. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढा दिलासा मुलींना मिळतो.

कंपनीत असताना कॉलेजची फी का?

बहुतेक पालक हा प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. विद्यार्थी कंपनीत असला तरी तो कॉलेजचा विद्यार्थी असतो, परीक्षा आणि मूल्यमापन कॉलेजचं असतं. म्हणून फी पूर्ण माफ होत नाही. परदेशातल्या विद्यापीठांत तर को-ऑपची वेगळी फी घेतात. पण प्रवेश घेतानाच दोन गोष्टी लेखी मागाव्यात: ॲप्रेंटिसशिपच्या सत्रांची फी किती, आणि त्यात प्रयोगशाळा, जिमखाना, वसतिगृह असे वापरात नसलेले भाग आहेत का.

फीसाठी राज्याच्या योजना आहेतच. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही त्यातली प्रमुख, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, तीच उत्पन्नमर्यादा धरून. राहण्या-जेवणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार अशा योजना आहेत. अर्ज करण्यापूर्वी त्या-त्या योजनेत हजेरीची आणि नोकरी नसण्याची अट आहे का ते वाचावं. कायद्याने ॲप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो, आणि करारनाम्यात तसं लिहिलेलंही असतं. हजेरीचा प्रश्न आला तर तो करारनामाच कॉलेजला आणि समाजकल्याण कार्यालयाला दाखवायचा असतो. कंपनीतली हजेरी दर महिन्याला कॉलेजकडे पोचते आहे ना, हे विद्यार्थ्यानेच पाहावं. दुसरं कोणी पाहत नाही.

कर्ज काढायचं असेल तर बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. फीसोबत वसतिगृह, पुस्तकं, प्रवास यांचा खर्चही त्यात बसतो. हे अनेकांना माहीत नसतं आणि ते फक्त फीपुरतं कर्ज मागतात. परतफेड शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. विद्यावेतनातून व्याज भरत जाण्याचा सल्ला सगळे देतात आणि व्याज वेळच्या वेळी भरणाऱ्याला बँका दरात थोडी सवलतही देतात. पण ४ लाखांवर १० टक्के दराने महिन्याचं व्याज ३३०० च्या वर जातं. १५०० शिल्लक असलेल्या मुलीला ते झेपणार नाही. तिने अर्धं व्याज भरलं तरी पुढचा बोजा हलका होतो, आणि भरता आलं नाही म्हणून अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

खातं कुठे उघडायचं?

हा मुद्दा नगर जिल्ह्यात जरा जास्तच महत्त्वाचा. घरातले सगळे व्यवहार गावच्या पतसंस्थेत असतात, त्यामुळे मुलाचं खातंही तिथेच निघतं. सरकारी वाटा मात्र आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतो. पतसंस्था ही बँक नाही, तिथे तो येणार नाही. शिवाय बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं. बँकेतही संकट येऊ शकतं हे या शहराने पाहिलं आहे. शंभर वर्षांहून जुन्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. तेव्हा लहान ठेवीदारांना आधार उरला तो त्या विम्याचाच.

दुसरी गोष्ट, आधार 'लिंक' असणं आणि सरकारी पैसे येण्यासाठी ते खातं 'सीडिंग' केलेलं असणं यात फरक आहे. एका माणसाची चार खाती आधारला लिंक असू शकतात, पैसे मात्र सीडिंग केलेल्या एकाच खात्यात येतात. अनेकदा विद्यार्थ्याचा सरकारी वाटा आलेला असतो, पण दहावीत शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या आणि आता विसरलेल्या खात्यात. रुजू होण्याआधी बँकेत जाऊन हे एकदा तपासलं की दोन महिन्यांची धावपळ वाचते.

करार नोंदवलेला आहे का?

कंपनीने 'ट्रेनी' म्हणून पत्र दिलं म्हणजे ॲप्रेंटिसशिप झाली असं नाही. करार सरकारी पोर्टलवर नोंदवलेला असेल तरच किमान विद्यावेतनाचा हक्क, सरकारी वाटा आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र या गोष्टी लागू होतात. नोंदणी क्रमांक विद्यार्थ्याला स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसतो. दिसत नसेल तर पहिल्या आठवड्यातच विचारावं.

ॲप्रेंटिसला भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय लागू होत नाही. म्हणून विद्यावेतनातून पीएफ कापला जात असेल तर का, हे विचारायला हरकत नाही. कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी कंपनीची असते. पण साधा ताप, डेंग्यू, रस्त्यावरचा अपघात यांचा खर्च स्वतःचाच. करार मध्येच सोडल्यास काय द्यावं लागेल हेही सही करण्यापूर्वी वाचून घ्यावं.

३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना ठरावीक प्रमाणात ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. त्यामुळे नागापूर, सुपे, श्रीरामपूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या बऱ्याच कारखान्यांना, आणि साखर कारखान्यांनाही, ही मुलं हवी असतात. कॉलेजने दिलेल्या यादीतली पहिलीच जागा घ्यावी असं काही नाही. पोर्टलवर घराजवळच्या जागाही शोधता येतात.

आणि परदेशातलं को-ऑप?

नगर-संगमनेरहून कॅनडाला जाणाऱ्यांची गोष्ट थोडक्यात. तिथल्या व्हिसासाठी फी आणि प्रवास सोडून वर्षभराच्या राहण्याचा पैसा आधी दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२५ पासून एका व्यक्तीसाठी ही रक्कम २२,८९५ कॅनेडियन डॉलर आहे. पुढे को-ऑपमधून मिळणारा पगार त्यात धरला जात नाही, आणि को-ऑपची जागा विद्यापीठ मिळवून देईलच याची हमीही नसते. 'को-ऑपमधून फी निघेल' असं सांगणाऱ्या एजंटाला ही वाक्यं लेखी द्यायला सांगावं.

इथल्या ॲप्रेंटिसशिपमध्ये विद्यावेतन थकलं तर पहिली पायरी कंपनीचा एचआर, दुसरी कॉलेजचा प्लेसमेंट किंवा ॲप्रेंटिसशिप समन्वयक. सरकारी वाटा अडकला असेल किंवा कंपनी दाद देत नसेल तर नॅट्सच्या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. महाराष्ट्रासाठी हे काम मुंबईतलं पश्चिम विभागाचं ॲप्रेंटिसशिप प्रशिक्षण मंडळ पाहतं. तक्रारीसोबत करार क्रमांक, बँकेचं स्टेटमेंट आणि महिन्याच्या हजेरीची प्रत लागते. म्हणून हजेरीपत्रकाचा फोटो दर महिन्याच्या शेवटी मोबाइलमध्ये काढून ठेवावा.